धुता येईल असं काही शिवायचंय आणि त्यावर प्रिंट हवीय? मग कापड आणि छपाई अशी निवडा

कापडावर आपलं डिझाईन छापायचं आणि त्यातून उशीचा अभ्रा, पिशवी, ॲप्रन, बाळाचं लाळेरं असं काहीतरी शिवायचं हे एकदा डोक्यात आलं की बहुतेक जण लगेच प्रिंटर कुठला घेऊ हे शोधायला बसतात. माझं म्हणणं आहे की तिथून सुरुवातच करू नका. आधी कापडाचा धागा कुठला आहे ते बघा, मग ती वस्तू किती वेळा आणि किती रगडून धुतली जाणार आहे ते ठरवा, या दोन गोष्टी पक्क्या झाल्या की छापायची पद्धत जवळजवळ आपोआप ठरते. प्रिंटर कितीही भारी असला तरी शाईचं आणि धाग्याचं जमत नसेल तर रंग दोन धुण्यांत बादलीत उतरतो.

शाई कापडावर राहते कशी हे एकदा समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं आहे. काही रंग धाग्याच्या आत जाऊन बसतात, म्हणजे सुतीवर रिॲक्टिव्ह डाय किंवा पॉलिएस्टरवर सब्लिमेशन (उष्णतेने शाईची वाफ करून धाग्यात शिरवणं), हे सगळ्यात टिकाऊ आणि हाताला काही लागतही नाही. काही रंग धाग्याच्या वर बाइंडरने चिकटवलेले असतात, पिगमेंट शाई, स्क्रीन प्रिंटिंगचा रंग वगैरे, हे चांगले टिकतात पण घासून घासून हळूहळू फिके होतात. आणि तिसरा प्रकार म्हणजे कापडावर एक प्लास्टिकसारखी पातळ फिल्म बसवायची, ट्रान्सफर पेपर, डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म), व्हिनाईल हे सगळे त्यातले. फिल्मवाली प्रिंट पहिल्या दिवशी सगळ्यात झळझळीत दिसते म्हणून नवीन माणूस तिकडेच ओढला जातो, पण रोज धुवायच्या वस्तूला ती नेहमीच योग्य नसते, का ते खाली येईलच.

पायरी १: कापड ओळखा

कापड कुठलं आहे हे दुकानदाराच्या बोलण्यावर सोडू नका, कारण "कॉटन आहे हो" म्हणून दिलेल्या कापडात पुष्कळदा पॉलिएस्टर मिसळलेलं असतं. काठाजवळून दोनचार धागे ओढून काढा, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर, खिडकी उघडी ठेवून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मऊ राख उरते जी बोटाने चुरडली जाते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर काळा कडक मणी उरतो. दोन्ही थोडं थोडं दिसलं तर मिक्स आहे असं समजा. उभा आणि आडवा दोन्हीकडचे धागे तपासा कारण काही कापडांत ते वेगळे असतात. (लहान मुलं आसपास असतील तेव्हा हे करू नका आणि वितळलेल्या मण्याला लगेच हात लावू नका.)

सुती निघालं तर घरच्या इंकजेटपासून स्क्रीन प्रिंटिंगपर्यंत जवळजवळ सगळे रस्ते मोकळे आहेत, फक्त सब्लिमेशन सोडून. पॉलिएस्टर निघालं आणि रंग पांढरा किंवा एकदम फिका असेल तर सरळ सब्लिमेशन करा, दुसरा विचार नको. सिल्क आणि लोकर यांना ॲसिड डाय लागतो, ते काम नवशिक्यांसाठी नाही, बाहेरून छापून घ्या. रेयॉन सुंदर पडतं पण ओलं झालं की कमजोर होतं आणि बऱ्यापैकी आटतं, त्यामुळे पहिल्या प्रोजेक्टला मी ते कधीच सुचवणार नाही.

सुतीमध्येही विण बघा. विण जितकी घट्ट आणि गुळगुळीत तितकी प्रिंट धारदार येते. पॉपलीन, केंब्रिक, कॉटन सॅटिन ही नवशिक्यांसाठी उत्तम कापडं आहेत, साधारण १०० ते १४० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) पॉपलीन घरच्या प्रिंटरमधूनही जातं आणि शिवायलाही सोपं पडतं. मलमल फार पातळ आणि विरळ, शाई आरपार जाते, रेषा फुटतात. मांजरपाट स्वस्त मिळतो म्हणून पुष्कळ जण तो घेतात, सरावाला तो ठीकच आहे, पण त्याचा पिवळसर रंग सगळ्या रंगांखाली दिसतो हे लक्षात ठेवा, घरच्या इंकजेटमध्ये पांढरी शाई नसते, डिझाईनमध्ये जिथे पांढरं आहे तिथे कापडाचाच रंग दिसणार. कॅनव्हास, ड्रिल, जीन्स ही जाड कापडं घरच्या प्रिंटरमधून घालायच्या भानगडीत पडू नका. पिशवी कॅनव्हासची हवी असेल तर पॉपलीनवर प्रिंट काढून त्याचा खिसा किंवा पट्टी करून वर शिवा, दिसतंही छान आणि प्रिंट खराब झाली तर तेवढाच तुकडा बदलता येतो.

विकत घेताना पीएफडी कापड मिळालं तर तेच घ्या. पीएफडी म्हणजे रंगाईसाठी तयार केलेलं, ज्याच्यावर खळ, मऊपणासाठीचं फिनिश असं काहीही लावलेलं नसतं. नसेल मिळत तर एक साधी परीक्षा करा, कापडावर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब लगेच शोषला जाऊन पसरला तर ठीक, मोत्यासारखा वरच बसून राहिला तर कापडावर काहीतरी फिनिश आहे आणि ते शाईलाही आत जाऊ देणार नाही.

पायरी २: आधी धुवा, मगच छापा

ही पायरी लोक हमखास गाळतात. नवीन सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं, सैल विणीचं किंवा फ्लॅनेलसारखं त्याहून जास्त. ५ टक्के म्हणजे ४० सेंटिमीटरच्या अभ्र्यामागे २ सेंटिमीटर, म्हणजे उशी आत जाणार नाही. पण मापापेक्षा मोठी गडबड वेगळीच होते. न धुतलेल्या कापडावर ट्रान्सफर किंवा डीटीएफ लावलं आणि मग ते धुतलं की आजूबाजूचं कापड आटतं, पण फिल्म आटत नाही, मग प्रिंटच्या कडेने सगळीकडे बारीक चुण्या पडतात आणि फिल्म फुगल्यासारखी दिसते. त्या चुण्या इस्त्रीने जात नाहीत. कितीही दाबा, जात नाहीत.

म्हणून ती वस्तू पुढे ज्या पाण्यात धुतली जाणार त्याच पाण्यात, म्हणजे गरम तर गरम, कापड एकदा साध्या डिटर्जंटने धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, तो धाग्यावर थर सोडतो. खळही नको. वाळत घाला आणि किंचित दमट असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करून पूर्ण कोरडं करा. तयार मिळणाऱ्या कागद चिकटवलेल्या प्रिंटेबल शीट मात्र आधी धुवायच्या नाहीत, त्यांच्यावर शाई धरून ठेवणारी प्रक्रिया केलेली असते, ती धुवून जाईल. त्या किती आटतात ते पाकिटावर असतं, नसेल तर एक शीट वाया घालवून मोजा आणि डिझाईन तेवढं मोठं छापा.

पायरी ३: वस्तू कशी वापरली जाणार

इथे मी जरा आग्रहाने सांगते कारण चांगली चांगली कामं इथे फसलेली बघितली आहेत. लाळेरं, हातपुसणं, कापडी नॅपकिन, टॉवेल यांचं कामच पाणी शोषायचं आहे. त्यांच्यावर मोठी फिल्मवाली प्रिंट लावली तर तेवढा भाग प्लास्टिक झाला, पाणी शोषणारच नाही. शिवाय बाळ ते तोंडात घालणार. अशा वस्तूंना रिॲक्टिव्ह प्रिंटचं तयार कापड किंवा पाण्यात मिसळणाऱ्या पिगमेंट रंगाने केलेलं स्क्रीन नाहीतर ब्लॉक प्रिंट, एवढेच पर्याय ठेवा. बाळाच्या वस्तूंसाठी कापड घेताना त्यावर ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० चा प्रॉडक्ट क्लास १ आहे का ते बघा, तो वर्ग ३ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कापडांसाठीच आहे.

उशीचा अभ्रा, भिंतीवर लावायची गोधडी, फोटो छापलेली आठवणीची चादर, वहीचं कव्हर, कपड्याच्या आतली नावाची पट्टी, हे महिन्या दोन महिन्यांतून एकदा हलक्या हाताने धुतलं जातं, त्याला घरचा इंकजेट आणि प्रक्रिया केलेलं कापड पुरेसं आहे. टीशर्ट, टोपी, जाड पिशवी, गडद रंगाचं काहीही, यांना डीटीएफ बरं. खेळाचे कपडे, पॉलिएस्टरची ड्रॉस्ट्रिंग बॅग वगैरे असेल तर सब्लिमेशन. ॲप्रनचं मधलं प्रकरण आहे, रोजचा ॲप्रन गरम पाण्यात आणि चोळून धुतला जातो, त्याला इंकजेट नको, स्क्रीन प्रिंट करा.

पायरी ४: पद्धती, आणि त्यातली खरी माहिती

घरचा इंकजेट. आधी आपल्या प्रिंटरमध्ये डाय शाई आहे की पिगमेंट हे मॅन्युअलमध्ये किंवा शाईच्या बाटलीवर बघा. डाय शाई म्हणजे पाण्यात विरघळलेली साखर आणि पिगमेंट म्हणजे पाण्यात ढवळलेली बारीक माती असं समजा, साखर पुन्हा पाण्यात जाते, माती धाग्यांमध्ये अडकून बसते. टाकीवाल्या बऱ्याच प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट आणि बाकीचे तीन रंग डाय असतात, म्हणून साध्या कापडावर छापून धुतलं की अक्षरं जागेवर आणि फुलं गायब असा प्रकार होतो, त्यात प्रिंटर बिघडलेला नसतो. डाय शाई असेल तर प्रक्रिया केलेली शीटच वापरा, नाहीतर बबल जेट सेटसारखं द्रावण आणून त्यात कापड साधारण पाच मिनिटं भिजवून, न पिळता वाळवून मग छापा. पिगमेंट शाई असेल तर साध्या धुतलेल्या सुतीवरही बऱ्यापैकी टिकते, पण प्रक्रिया केलेल्या कापडावर रंग जास्त खुलतात आणि जास्त धुणी टिकतात.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगते, व्हिनेगर आणि मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं की इंकजेटचा रंग पक्का होतो हे सगळीकडे सांगितलं जातं, पण तसं होत नाही. व्हिनेगरचं काम ॲसिड डायला असतं, तेही सिल्क, लोकर, नायलॉनवर. मीठ रंगाईच्या पातेल्यात डायला धाग्याकडे ढकलायला वापरतात. सुतीवर छापून वाळलेल्या शाईला या दोन्हीने काहीच बळ मिळत नाही, उलट डाय शाई असेल तर त्या पाण्यातच सुटायला लागते.

कापड प्रिंटरमध्ये घालायचं तर त्याला मागून कडकपणा हवा. त्यासाठी फ्रीझर पेपर वापरतात, ज्याच्या एका बाजूला प्लास्टिकचा पातळ थर असतो, साधा मेणकागद चालत नाही. कागद ए४ मापात, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर कापा, कापड त्याहून सगळीकडून बोटभर मोठं घ्या. चकचकीत बाजू कापडाच्या उलट बाजूला लावून कोरड्या मध्यम गरम इस्त्रीने, वाफ बंद ठेवून, मधून बाहेर असं दाबत जा. कोपरे सगळ्यात शेवटी आणि जास्त वेळ दाबा, कापड अडकतं ते नेहमी कोपऱ्यातून. मग कापडाच्या बाजूने बघून कागदाच्या कडेलगत धारदार कटरने किंवा कात्रीने एका दमात कापा, आणि आता उजेडाकडे धरून कडा नीट न्याहाळा, एखादा धागा केसाएवढा जरी बाहेर लोंबत असला तरी तो कापा कारण तोच हेडला लागून शाईचा फराटा ओढतो. वरच्या बाजूला, म्हणजे जी कड आधी आत जाणार तिथे, पातळ टेप आडवी लावली की रोलर ती अलगद पकडतो. चिकट रोलर फिरवून कापडावरची लव काढा, एक लव जिथे पडते तिथे छपाईनंतर पांढरा ठिपका राहतो. फ्रीझर पेपर नसेल तर पूर्ण ए४ मापाचा स्टिकर कागद घेऊन त्यावर कापड चिकटवलं तरी काम होतं.

एका वेळी एकच शीट, शक्यतो मागच्या सरळ फीडमधून, कारण खालच्या ट्रेमधून जाताना कापडाला यू टर्न घ्यावा लागतो आणि तिथे कागद सुटतो. क्वालिटी हाय, पेपर टाईप मॅट ठेवा. ग्लॉसी निवडलं तर काही प्रिंटर इतकी शाई ओततात की रेषा फुटतात. अडकलं तर ओढू नका, प्रिंटर बंद करून मागचं झाकण उघडून सरळ दिशेने काढा.

छापून झाल्यावर थांबा. चोवीस तास. मग कागद सोलून काढा, वर सुती फडकं टाकून कोरड्या इस्त्रीने उलट बाजूने शेक द्या. त्यानंतर पसरट टबमध्ये थंड पाणी आणि थोडं सौम्य डिटर्जंट घालून कापड सपाट बुडवा आणि हलवत राहा, ओल्या कापडाची घडी पडू देऊ नका, सुटलेली जादा शाई समोरच्या पांढऱ्या भागाला लागते आणि मग निघत नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत बदला, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि आडवं वाळत घाला. पहिल्या पाण्यात थोडा रंग येणारच, त्याने घाबरू नका. द्रावण किंवा शीट विकत घेतली असेल तर थांबायची वेळ आणि धुण्याची रीत त्याच्यावर लिहिल्याप्रमाणे करा, कंपनीनुसार त्यात फरक असतो.

लेझर प्रिंटरमध्ये यातलं काहीही घालू नका. लेझरमध्ये टोनर वितळवायला जो रोलर असतो तो साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला तापतो, फ्रीझर पेपरचं प्लास्टिक त्याला चिकटलं की मशीन दुरुस्तीला. इंकजेटचे ट्रान्सफर पेपरसुद्धा तिथे चालत नाहीत, लेझरसाठी वेगळे येतात.

ट्रान्सफर पेपर. डिझाईन आधी या कागदावर छापायचं आणि मग उष्णतेने दाबून कापडावर उतरवायचं. स्वस्त आणि सोपा, म्हणूनच सगळ्यांच्या हातात आधी हाच येतो. फिक्या कापडासाठीचा पेपर असेल तर डिझाईन उलटं, म्हणजे आरशातल्यासारखं छापायचं, गडद कापडासाठीचा असेल तर सुलटंच छापायचं. अक्षरं असतील तर हे दोनदा बघा. कडेचा मोकळा भाग कापून टाका, नाहीतर डिझाईनभोवती पारदर्शक चौकोन दिसत राहतो. एखादा कार्यक्रम, एखादी भेटवस्तू यासाठी ठीक आहे, पण वर्षभर धुवायच्या वस्तूला मी हा पर्याय सुचवत नाही, धुण्यागणिक तडे जातात आणि चुकून वरून इस्त्री फिरली की सगळं इस्त्रीला.

सब्लिमेशन. यात शाई उष्णतेने थेट वाफ होऊन पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते आणि थंड झाल्यावर तिथेच अडकते. म्हणून हाताला काही लागत नाही, तडे जात नाहीत, धुवून रंग जात नाही, कापड झिजेल पण प्रिंट राहील. १०० टक्के पॉलिएस्टर असेल तर रंग भरभरून येतो, ६५ टक्क्यांच्या आसपास असेल तर धुतल्यावर फिकट जुनाट दिसतो, कारण सुती धाग्यांवर बसलेला रंग निघून गेला. शुद्ध सुतीवर करूच नका. कापड पांढरं किंवा अगदी फिकं हवं कारण हे रंग पारदर्शक असतात, काळ्या कापडावर काही दिसणार नाही. यासाठी वेगळा प्रिंटर ठेवावा लागतो, त्यात सब्लिमेशनची शाई घातली की तो रोजच्या कामाला परत वापरायचा नाही. हीट प्रेस, म्हणजे गरम पाट्याने दाबणारं मशीन लागतं, साधारण १९० ते २०५ अंश, ४५ ते ६० सेकंद, सगळीकडे सारखा दाब. घरच्या इस्त्रीने हे होत नाही, वाफेच्या भोकांखाली रंग कमी उठतो आणि इस्त्री सरकवली की सावली पडते. डिझाईन उलटं छापायचं, खाली वर साधा कोरा कागद किंवा बटर पेपर ठेवायचा, प्रेस करायच्या आधी कापडावरची लव आणि दमटपणा काढायचा, दमट राहिलं तर निळसर डाग येतात. खोलीत हवा खेळती ठेवा. आणि तयार झालेली वस्तू पुढे कधीही कडक गरम इस्त्रीखाली घालू नका, रंग पुन्हा उडून इस्त्रीच्या चादरीवर येऊ शकतो.

डीटीएफ. फिल्मवर छापून त्यावर चिकट पावडर टाकून वितळवलेलं डिझाईन, जे हीट प्रेसने कापडावर बसतं. बाहेरून छापून आणलेली फिल्म घरी दाबता येते. सुती, पॉलिएस्टर, मिक्स, गडद, फिकं सगळ्यावर चालतं कारण रंगांखाली पांढऱ्या शाईचा थर असतो. तापमान, सेकंद आणि फिल्म गरम असताना सोलायची की गार झाल्यावर हे ज्याच्याकडून छापून घेता त्याला नक्की विचारा, दोन्ही प्रकार असतात आणि चुकीच्या वेळी सोललं की डिझाईनही सोबत येतं. सोलून झाल्यावर बटर पेपर ठेवून परत एकदा काही सेकंद दाबा, या दुसऱ्या दाबाने कडा बसतात. मोठे सलग ठोकळे घेऊ नका, घाम येतो आणि कापड पुठ्ठ्यासारखं लागतं, मधे मोकळ्या जागा असलेलं डिझाईन निवडा. व्हिनाईल हा याच घराण्यातला प्रकार, नाव किंवा नंबर लावायला चांगला, चित्राला नाही.

स्क्रीन आणि ब्लॉक. मला विचाराल तर धुवायच्या वस्तूंसाठी घरी करण्यासारखी सगळ्यात भरवशाची पद्धत हीच आहे, आणि प्रिंटरही लागत नाही. पाण्यात मिसळणारा कापडाचा पिगमेंट रंग, त्यात बाइंडर असतोच, लाकडी ठसा, रबरात कोरलेला ठसा, स्टेन्सिल किंवा छोटी स्क्रीन, एवढ्यावर काम होतं. टेबलावर जुनी चादर दुहेरी घालून वर कापड ताणून टाचण्यांनी लावा, ठशाला रंग पातळ आणि सारखा लावा, जाड लावला की कडेने गळतो. पूर्ण वाळल्यावर एक दिवस जाऊ द्या, मग सुती फडकं ठेवून साधारण १५० अंशाच्या कोरड्या इस्त्रीने एकेक भाग तीन ते पाच मिनिटं शेका, इस्त्री एका जागी ठेवून करपवू नका, हलवत राहा. लोक शेकतात ते अर्धा मिनिट आणि मग रंग गेला म्हणतात. बाइंडर पक्का व्हायला तेवढी उष्णता लागतेच. त्यानंतर आठवडाभर धुवू नका. साधा ॲक्रिलिक रंग वापरायचा असेल तर त्यात फॅब्रिक मीडियम मिसळा, नाहीतर कडक होऊन तडकतो.

बाहेरून मीटरवर छापून घेणं. जास्त कापड हवं असेल तर हेच करा. इथे एकच प्रश्न महत्त्वाचा, छपाई पिगमेंट आहे की रिॲक्टिव्ह. रिॲक्टिव्ह रंग आयसीआय कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणले आणि त्यांची खासियत ही की ते सुती धाग्याशी रासायनिक बंधनाने जोडले जातात, म्हणून छापल्यावर वाफ देऊन, जादा रंग धुवून काढला की कापड मऊ राहतं आणि रंग धुण्याला पक्का. पिगमेंट छपाई सोपी, पाणी कमी लागतं, उन्हात चांगली टिकते, पण गडद रंग घासल्यावर थोडे फिके होतात, विशेषतः घडीवर. पडदा असेल तर पिगमेंट, रोज धुवायचं असेल तर रिॲक्टिव्ह, असं मी साधारण धरते. जीएसएम, छपाईची रुंदी आणि कापड किती टक्के आटतं हे लेखी मागा आणि पूर्ण ऑर्डरआधी छोटा नमुना छापून घ्या. स्क्रीनवरचा रंग आणि कापडावरचा रंग कधीच तंतोतंत जुळत नाही, नमुन्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

पायरी ५: फाईल

कापडासाठी खऱ्या मापाला १५० डीपीआय (एका इंचात तेवढे ठिपके) पुरतं, बारीक अक्षरं असतील तर ३०० ठेवा. मोबाईलवरून फॉरवर्ड होऊन आलेला फोटो वापरू नका, तो दाबून लहान झालेला असतो, मूळ फाईल मागवा. केसासारख्या रेषा आणि १० पॉइंटच्या खालची अक्षरं कापडावर मिसळून जातात, त्यातही देवनागरीत मात्रा आणि अनुस्वार आधी बुजतात, म्हणून अक्षर जरा ठळकच घ्या. इंकजेटसाठी फोटो थोडा उजळ आणि रंग थोडे भडक करा. मोठा सलग काळा भाग घरी छापू नका, शाई वरवरच असते आणि घडीवर व सुईच्या भोकात खालचं पांढरं डोकावतं.

पायरी ६: नमुना धुऊन बघा, मगच बेता

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. त्याच कापडावर, त्याच शाईने, त्याच शेकाने हातभर नाही, फक्त १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा छापा. त्यात लाल, निळा, काळा असे भरीव ठोकळे आणि एक ओळ बारीक अक्षरं घ्या. मधोमध कापा. एक अर्धा कपाटात ठेवा, दुसऱ्याला पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा एका कडेने टीप मारून जोडा आणि रोजच्या धुण्यात पाच वेळा जाऊ द्या. मग दोन्ही अर्धे दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवा. रंग किती उतरला ते दोन्ही अर्ध्यांच्या फरकावरून दिसेल आणि किती दुसरीकडे लागला ते पांढऱ्या तुकड्यावर. प्रयोगशाळेतही हेच तत्त्व असतं, धुण्यासाठी आयएसओ १०५-सी०६ आणि घासण्यासाठी एक्स१२ या चाचण्या आहेत, त्यात १ ते ५ अशी श्रेणी देतात आणि ५ म्हणजे काहीच फरक नाही. घासायची परीक्षा घरी करायला पांढरं फडकं बोटाला गुंडाळून आधी कोरडं आणि मग ओलं करून काळ्या ठोकळ्यावर दहाबारा वेळा चोळा. ओल्या फडक्यावर भरपूर रंग आला तर त्या कापडाचा अभ्रा शिवू नका, डोक्याच्या घामाने पांढरी चादर खराब होईल. फडकं स्वच्छ राहिलं तर निर्धास्त बेता.

पायरी ७: शिवताना

छपाई आणि टीप यांच्यात माया मोजून ठेवा, निदान दीड सेंटिमीटर, डिझाईन शिलाईत गेलं की चेहऱ्याचा कान कापला जातो. फिल्मवाल्या प्रिंटला टाचण्या लावू नका, भोकं कायमची राहतात, क्लिप वापरा. सुई नवीन, बारीक आणि टोकदार, पॉपलीनला ७० किंवा ८० नंबर. प्रिंटवरून टीप मारावीच लागली आणि दाबपट्टी चिकटत असेल तर वर पातळ कागद ठेवून शिवा आणि नंतर फाडून टाका. फ्युजिंग, म्हणजे कापडाला कडकपणा देणारं इस्त्रीने चिकटणारं अस्तर, चिकटवायचं असेल तर फिल्म लावायच्या आधी चिकटवा, आधी प्रिंट झाली असेल तर उलट बाजूने, खाली बटर पेपर ठेवून. दोऱ्याचा रंग पक्का आहे का हेही बघा, लाल दोरा पांढऱ्या प्रिंटवर उतरलेला बघून फार वाईट वाटतं.

धुणं

पहिलं धुणं प्रिंट पूर्ण पक्की झाल्यावरच, फिल्मला निदान २४ तास. वस्तू उलटी करून, ३० अंशांच्या आतलं पाणी, सौम्य डिटर्जंट, ब्लीच नाही, तासन् तास भिजवणं नाही, प्रिंटवर ब्रश तर नाहीच. डाग पडला तर मागच्या बाजूने बोटाने चोळा. सावलीत वाळवा. इस्त्री नेहमी उलटीकडून. कोणाला भेट देत असाल तर ही माहिती आतल्या पट्टीवर छापून शिवून टाका, तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

डीटीएफची कड कुठे सुटायला लागली तर लगेच बटर पेपर ठेवून परत दाबा, सुरुवातीला ती बसते, एकदा खाली मळ गेला की नाही बसत. उरलेल्या प्रिंटेबल शीट बंद पिशवीत, आडव्या, वर जड पुस्तक ठेवून ठेवा. दमट हवेत त्यांचे कोपरे वळतात आणि वळलेला कोपरा प्रिंटरच्या हेडला घासतो, तशी शीट निघाली तर छापायच्या आधी कागदाच्या बाजूने कोरडी इस्त्री फिरवून सपाट करा आणि पूर्ण गार झाल्यावरच आत घाला.